हळू झालेला बँड

परदेशातल्या एका हेवी मेटल बँडने मला फसवलं. ऐंशीच्या दशकात हातगाडीवरून वर येऊन मी पिरंगुटला कॅसेटचं दुकान टाकलं होतं. शेजारच्या भरे गावचा, पत्र्याच्या प्रेसवर काम करणारा एक ऑपरेटर कारखाना सुटला की रोज तिथे सायकल लावायचा. "लावा शेट, आपलं धडाडधूम," म्हणायचा आणि स्पीकरवर तळहात ठेवून उभा राहायचा. शब्द दोघांनाही कळत नसत. घरी उसनी कॅसेट लावली की त्याची आई ओरडे, "पत्रं कुटतुया का रं मुडद्या?" म्हणून तो माझ्याकडेच ऐके. कॅसेट कधी विकत घेतली नाही. त्या दणदणाटात मी त्याला फुकट्या म्हणायचो, तो मला लुटारू.

मग त्याच बँडची नवी कॅसेट आली. वर तेच झिपरे चेहरे, आत मात्र संथ, गोड चाल. मी भडकलो. "म्हातारे झाले का हे? परत पाठवतो!"

त्याने स्पीकरवरचा हात काढला आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. "नगा पाठवू शेट. लई ग्वाड हाय. ही आईला बी चालंल." घासाघीस न करता त्याने ती घेतली.

त्यानंतर तो सायकलवरूनच हात करायचा. घरी जायची घाई असायची.

गिऱ्हाइकं मी पुष्कळ कमावली. कानठळ्या सोसत माझ्याशी भांडणारा तो एकच होता. त्याला माझ्यापासून तोडायचा हक्क त्या झिपऱ्यांना कोणी दिला? त्यांच्यापैकी एकाने तरी पिरंगुटला येऊन मला जाब द्यावा.