काळजातला नमुना

कोंबड्यांना आजारी पाडणाऱ्या जंतूंच्या जनुकांवर मी बरीच वर्षं काम करतेय, आणि मला त्याचा ताठा होता. तो नेरे गावातल्या एका मावशींनी उतरवला.

मावशींची अंड्यांच्या कोंबड्यांची शेड होती. शेजारची शेतं विकून झाली होती, इमारती पार कुंपणाला टेकल्या होत्या. शेडमधले पक्षी रोज मरायला लागले तेव्हा त्यांच्या दिरांनी सांगून टाकलं, कारण कळलं नाही तर उरलेले पक्षी काढायचे आणि जागा बिल्डरला द्यायची. मावशींनी आमची प्रयोगशाळा गाठली.

मी शेडवर गेले ती घाईतच. कोंबड्यांखाली अंथरलेल्या तुसावरची ताजी विष्ठा नळ्यांत भरली आणि निघाले. मावशी मागून काहीतरी सांगत होत्या. मी मान हलवली, ऐकलं काहीच नाही. आठवड्याने अहवाल दिला: ई. कोलाय हा जंतू सापडला, त्यात रोग घडवणारी जनुकं आढळली नाहीत, मरण्याचं कारण अस्पष्ट. खाली माझी ऐटबाज सही. दिरांनी तो कागद वाचला आणि बिल्डरला फोन लावला.

दुसऱ्याच दिवशी मावशी दोन बस बदलून आल्या. मांडीवर थर्माकोलचा डबा, त्यात बर्फावर सकाळी मेलेली कोंबडी. मेलेला प्रत्येक पक्षी त्या हातांना दुधाच्या पिशव्या बांधून स्वतः उघडून बघायच्या, हे मला तेव्हा कळलं. या कोंबडीच्या काळजावर दुधावरच्या सायीसारखा पांढरा थर आला होता.

"म्याडम, पोटात तर समद्याच कोंबड्यांच्या जंतू असत्यात," त्या म्हणाल्या. "त्यो काळजापत्तुर कसा गेला, त्ये बघा की. त्या दिशी बी मी ह्येच सांगत हुते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ई. कोलाय धडधाकट कोंबडीच्या आतड्यातही गुण्यागोविंदाने राहतो, हे तर मी दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवते. त्यातल्या काहींकडेच जास्तीची जनुकं असतात. त्यांच्या जोरावर ते रक्तात तग धरतात आणि कोंबडीच्या अंगातलं लोहसुद्धा पळवतात. मी विष्ठेतली गर्दी तपासली होती आणि काळजात घुसलेल्याला विचारलंच नव्हतं.

काळजातल्या नमुन्यात ती जनुकं एकामागून एक सापडली. त्या जंतूवर कोणतं औषध चालतं तेही कळलं. जनावरांच्या डॉक्टरांनी ते दिलं. मावशींनी पाण्याची टाकी घासली, सगळं तूस बदललं. मर हळूहळू थांबली. शाळा चौथीत सुटलेल्या या बाईची नजर माझ्या यंत्रांपेक्षा तयार होती. मला त्यांचा हेवा वाटला, आणि फार अभिमानही वाटला.

पुढे शेडवर गेले तेव्हा दीर अंडी ट्रेमध्ये भरत होते. मावशींनी चहा दिला आणि घडी घातलेला एक कागद माझ्या हातात ठेवला. माझाच पहिला अहवाल होता.

"तुमच्यापाशीच ठिवा," त्या शांतपणे म्हणाल्या. "ह्या कागदापायी माझी शेड जात हुती."