पालखीतला तांब्या

आमच्या गल्लीतल्या लोकांना देव फार. माणूस त्यानंतर, आणि तोही सवड मिळाली तर.

गाव जुनं, नदीकाठचं. चहूबाजूंनी कारखाने उठले, निगडीला प्राधिकरणाचे प्लॉट पडले, काळेवाडीत चाळी झाल्या, तरी आमच्या गल्लीच्या काळ्या फरशीला कुणी हात लावायचा नाही असा दंडक होता. भैरोबाची पालखी त्या फरशीवरून जायची. दोन्ही बाजूंची घरं उंच जोत्यावर, प्रत्येक घराला घडीव दगडाच्या पायऱ्या. आमचं घर नेमकं वळणावर. पालखी वळताना मागं खांदा देणाऱ्याला आमच्या खालच्या पायरीवर चढावंच लागे, आणि तो चढला की मागची बाजू उचलली जाऊन देव पुढं कलायचा. म्हणून पायरीवर पाय पडताच दांडी खांद्यावरून काढून हातांवर घ्यायची. ही युक्ती आमच्या ह्यांची. वर्षानुवर्षं मागचा खांदा त्यांचाच होता. समोरच्या शेजाऱ्याला, म्हणजे त्यांच्या लहानपणापासूनच्या मित्राला, ती त्यांनीच हौसेनं शिकवली होती.

मग कंपनीत लोखंडी पत्र्यांची थप्पी ह्यांच्या अंगावर आली. दोन्ही पाय गुडघ्याखाली काढावे लागले. मागचा खांदा शेजाऱ्याकडे गेला, आणि हे दारात बसून भिंतीकडं बघू लागले.

वर्षभरानं त्यांच्या कंपनीतल्या सोबत्यांनी हातानं चालवायची तीनचाकी सायकल आणून दिली. नाक्यावर विजेच्या मोटारी दुरुस्त करणारे एक मुसलमान मिस्त्री होते. ते घरी येऊन म्हणाले, "आप बस आ जाओ. बैठके मोटर का वाइंडिंग करना है, हाथ तो सलामत हैं ना?" त्या दिवशी हे कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले. कंपनीच्या गुरुवारच्या सुट्टीला सोबत्यांनी आमच्या पायऱ्यांचे दगड काढून बाजूला रचले, मुरूम टाकला, वरून सिमेंट ओढलं आणि उंबऱ्यापासून गल्लीपर्यंत उतार केला. हे स्वतःच्या हातांनी सायकल चालवत खाली गेले आणि गल्लीच्या तोंडापासून मला हाक मारली. नुसतीच हाक. काम काहीच नव्हतं.

आठवडा गेला नाही तोच शेजाऱ्यानं उत्सवाच्या पंचांना आणलं.

"पायऱ्या देवाच्या वाटंतल्या हायेत," तो म्हणाला. "ह्या घसरगुंडीवरनं पालखी कलली तर जबाबदार कोन?"

त्याला नेमकं काय खुपत होतं, ते मला आजही सांगता येत नाही. उतार त्याच्या दाराला लागत नव्हता. त्याचं काही अडत नव्हतं. पाय गेलेला मित्र त्याला चालला असता, दारात बसलेला. रोज सकाळी समोरून शीळ घालत कामावर जाणारा चालला नाही, एवढंच मला कळलं.

पंच म्हणाले, पारखून बघू. देवळातून रिकामी पालखी आणली. तीत पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला. पाणी सांडलं तर उतार काढायचा, नाही सांडलं तर राहू द्यायचा. अख्खी गल्ली ओट्यांवर जमली. मागच्या दांडीला शेजारी. पुढचे वळले, त्याचा पाय आमच्या उतारावर पडला, आणि हे दारातून भान हरपून ओरडले, "हातावर घे! हातावर घे, गड्या!"

त्यानं ऐकलं. मी त्याच्या तोंडाकडंच बघत होते. त्यानं दांडी खांद्यावरच ठेवली आणि टाचा उचलल्या. तांब्या आडवा झाला. सगळं पाणी आमच्या उतारावरून वाहत खाली गेलं.

"बगा," तो पंचांना म्हणाला.

मी बोंबलले. ह्यानं मुद्दाम केलं, ह्याला युक्ती माहीत आहे, विचारा त्याला! एक पंच म्हणाले, "वैनी, देवाच्या कामात बाईमानसानं बोलू न्हाई." ओट्यांवरच्या साऱ्याजणी डोक्यावरचे पदर सारखे करू लागल्या. पहारीनं उतार फोडला आणि दगड पुन्हा होते तिथं बसवले, तेव्हा शेजारी स्वतः राबत होता. घाम पुसत ह्यांना म्हणाला, "काळजी कशाला करतुस? मी हाय की समोर. सकाळी हाक मार, उचलून ठिवतो सायकलीवर."

आणि ह्यांना हाक मारावी लागली. मिस्त्रींकडं वेळेवर पोचायचं होतं, माझ्या एकटीनं ते उचलले जात नव्हते. हे अंघोळ करून, भांग पाडून, डबा मांडीवर घेऊन वरच्या पायरीवर बसायचे आणि हाक मारायचे. आतून आवाज यायचा, "आलो, आलो." मग त्याचा चहा व्हायचा. मग दाढी. येणारे-जाणारे ह्यांच्याकडं बघत जायचे. शेवटी तो यायचा, ह्यांना पोरासारखं काखेत धरून उचलायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "लई जड झालास की रं बसून बसून!" गल्ली हसायची. हेही हसायचे. ते हसणं मला ह्यांच्या कापलेल्या पायांपेक्षा वाईट दिसायचं.

एका सकाळी ह्यांनी भांग पाडला नाही. मिस्त्रींनी बरेच दिवस वाट पाहिली, दोनदा विचारायला आले, मग दुसरा माणूस ठेवला. सायकल पायऱ्यांखाली गंजली. भंगारवाल्याला दिली तेव्हा ह्यांनी तोंड फिरवलं नाही की काही नाही.

त्या चैत्रात पालखी आली. शेजाऱ्यानं आमच्या पायरीवर पाय ठेवला, दांडी हातांवर घेतली आणि देवापुढचं एक फूलही हललं नाही.

पुढं कितीतरी वर्षांनी त्याच्या मुलानं स्कूटर घेतली. त्यांच्या पायऱ्या एका दिवसात निघाल्या. उतार आमच्यापेक्षा रुंद, पार वळणात आलेला. कुणी पालखी आणली नाही, कुणी तांब्या भरला नाही. तेच पंच पेढे खाऊन गेले.

त्या वर्षी मागचा खांदा मुलाकडं होता. नव्या उतारामुळं पुढचे बिचकून आमच्या बाजूला रेटले गेले, पोराचा पाय आमच्या पायरीवर धडकला आणि देव कलला. बायका किंचाळल्या. तेवढ्यात दारातून हे ओरडले, "हातावर घे रं, पोरा!" पोरानं दांडी हातांवर झेलली. देव सावरला.

शेजारी नारळाची वाटी घेऊन आमच्या पायऱ्या चढून वर आला. डोळ्यांत पाणी. "गड्या, तू होतास म्हनून," असं म्हणून त्यानं ह्यांचे हात धरले. आणि आमचे हे, इतक्या वर्षांत न दिसलेल्या आनंदानं, रडायला लागले.

मी आत गेले. तांब्या भरला. पायऱ्या उतरले, गल्ली ओलांडली आणि भरल्या गल्लीत त्याच्या उतारावर तो उपडा केला. पाणी त्याच्या स्कूटरखालून वाहत गेलं.

मागं वळले तर हे माझ्याकडं बघत होते. जणू आमचा उतार मीच फोडला होता, असं.