सुट्टीच्या दिवशीची थुंकी

आमच्या फ्रीजमध्ये बांगड्यांच्या डब्याशेजारी माझ्या बहिणीची थुंकी ठेवली होती, आणि त्यावरून घरात भांडण पेटलं होतं.

"सुंगटां, बांगडे आणि ही थुंकी? माझ्या घरात ह्या चलाचा नाय!" आई म्हणाली.

"आये, बुचां घट्ट आसत. आणि थुंकी माझीच आसा, शेजारणीची नाय," ताई म्हणाली.

ताई तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात तातडीच्या विभागात डॉक्टर आहे. माडावरून पडलेला, फुरसं चावलेला, देवबागच्या वाटेवर स्कूटर घसरलेला पाहुणा, सगळे आधी तिच्या हातात येतात. तिच्या जोडीला एक डॉक्टर आहे. तिसऱ्याची जागा मी कॉलेजात होते तेव्हापासून रिकामी आहे. अशा डॉक्टरांच्या ताणाचा अभ्यास करायला एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या बाई आल्या होत्या. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. ताण किती वाटतो, याची उत्तरं. आणि लाळ. ताण आला की शरीर कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सोडतं, ते लाळेत सापडतं. सकाळी ते चढतं, संध्याकाळपर्यंत उतरायला हवं. म्हणून ताईने कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशीही, सकाळ-संध्याकाळ नळीत थुंकायचं होतं.

प्रश्नांची उत्तरं तिने हसत हसत दिली. "ताण? माका? आवडीचा काम आसा माझा." ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं.

काही आठवड्यांनी बाईंचा फोन आला तेव्हा ताई सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत बसली होती. हात भरलेले म्हणून मी फोन तिच्या कानाशी धरला.

"डॉक्टर, कामाच्या दिवशी तुमचं ठीक आहे. सुट्टीच्या दिवशी मात्र कॉर्टिसॉल उतरतच नाही. सुट्टीला काय करता तुम्ही?"

"काही नाही. घरी असते."

"मग घरी काय होतं?"

"बघून सांगते," ताई म्हणाली. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "ऐकलंस गो? भरती इली ती इलीच. ओहोटीच नाय."

पुढच्या सुट्टीला मी दिवसभर तिच्यावर डोळा ठेवला. चहाचा पहिला घोट घेते तोच एकजण प्रेशरच्या गोळ्या घेऊन खळ्यात, म्हणजे अंगणात, हजर. "फक्त बगून सांग." मग एक बाई, कडेवर पुरळ उठलेलं मूल. "वाटेर होतंय, म्हटला येवन जाव्या." मग कुणीतरी भरलेलं पापलेट घेऊन आलं आणि पापलेटामागून त्याची दुखरी कंबर आली. आई प्रत्येकाला चहा देत होती. आमच्याकडे खळ्यात आलेल्या माणसाला "नंतर ये" म्हणत नाहीत. म्हटलं तर ते गावभर होतं. ताई हसून सगळ्यांना बघत होती. पण जेवताना बाहेर नुसतं पान वाजलं तरी तिचा घास हातातच थांबत होता. रुग्णालयात ड्युटी निदान संपते तरी. घरची ड्युटी संपतच नव्हती.

त्या संध्याकाळी तिने सांगितलं, "गोव्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलातून माका बोलावणा आसा. म्हयन्याच्या आखेरीक उत्तर देवचा आसा. जाईन म्हणतंय."

आमचा गंभीर पेशंट आधीच ॲम्ब्युलन्समधून गोव्याला धावतो. आता डॉक्टरही जाणार. तीसुद्धा इथलीच, इथलं सगळं कळणारी!

मी आमच्या घरच्या रीतीने पेटले. माझे बाबा जन्मभर पत्रकं काढत आले: मच्छीमारांच्या हक्कासाठी, बुवाबाजीविरुद्ध, बंद पडलेल्या शाळेसाठी. माझ्या बारशालाही त्यांनी पेढ्याबरोबर पत्रक वाटलं होतं. मी अक्षरं ओळखायला शिकले ती 'जाहीर निषेध' या शब्दांवरून. मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा: 'डॉक्टर तुमचा घरगडी नाही!'

बाबांनी चष्मा लावून वाचलं. "भाषा बरी आसा. पण शिव्यो कोणाक दिलंस? जो वाचतलो त्येकाच."

"मग काय ओवाळू त्येंका?"

ताईने कागद घडी करून माझ्या हातात दिला. "लावू नको. उद्या ह्येंकाच टाके घालूचे आसत माका."

इतका वेळ तांदूळ निवडणारी आई तेव्हा बोलली. "पत्रक वाचता कोण? जत्रा इली. गाऱ्हाण्यात सांगूक व्हया."

आमच्याकडे जत्रेच्या दिवशी गावकार देवासमोर उभा राहून साऱ्या गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालतो, म्हणजे मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला गाव एका आवाजात होकार भरतो. मी उसळले. कामगाराची सुट्टी हा हक्क आहे, तो देवाकडे मागायचा? बाबाही कुरकुरले. पण आई ऐकणार नव्हती. खळ्यात आलेल्या प्रत्येकाला चहा देणारी तीच होती. बाईंच्या फोनचं कळल्यापासून ते तिला सलत असणार. ती चप्पल अडकवून गावकारकाकांकडे गेली.

जत्रेच्या दुपारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबा नेहमीसारखे बाहेर, चपलांपाशी. मी दारात, अर्धी आत अर्धी बाहेर. ताई ड्युटीवर. गावकारकाकांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दर्यार गेलेलो सुखरूप घराक येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि आमची जी डाक्तरीण आसा, ती तुझाच लेकरू. तिच्या सुट्टीच्या दिसाक तिच्या खळ्यात जो कोण आपला दुखणा घेवन पाय टाकीत, मगे तो गावकार असो नायतर गावकाराचो झील, त्येका हॉस्पिटलाची वाट दाखय रे म्हाराजा!"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. हात जोडलेल्यांपैकी निम्मे आमच्या खळ्यात चहा पिऊन गेलेले होते. मग मागून एक म्हातारी खुदकन हसली आणि देऊळ हादरलं. "व्हय म्हाराजा!" मीही ओरडले. माझा होकार देवाला नव्हता, गावाला होता. मागे वळून पाहिलं तर चपलांपाशी बाबा दाढी खाजवत होते, ओठ हलत होते. विचारलं तर अजून नाही म्हणतात.

आता कुणी हे वाचून म्हणेल, बघा, श्रद्धेने प्रश्न सुटला. अजिबात नाही. गावाने गावापुरतं केलं. तिसऱ्या डॉक्टरची जागा भरणं सरकारचं काम आहे आणि ते गाऱ्हाण्याने होत नाही. त्यासाठी मी नवीन पत्रक लिहिलं. या वेळी शिव्या योग्य पत्त्यावर होत्या. बाबांनी छापलं. जत्रेत होकार भरलेली माणसंच टेम्पोत बसून ते जिल्ह्याच्या कार्यालयात घेऊन गेली. जागेची जाहिरात निघाली आहे. डॉक्टर येईपर्यंत आम्ही कार्यालयाचा पिच्छा सोडणार नाही.

जत्रेनंतरच्या पहिल्या सुट्टीला ताई जेवून पडवीत आडवी झाली होती. रस्त्यावर कुणाची तरी पावलं आमच्या घराकडे वळली. ताईचे डोळे उघडले. तेवढ्यात शेजारच्या काकी कडाडल्या.

"खंय चल्लंस रे? देवळात आराडलंस मां सगळ्यांवांगडा?"

"अगो काकी, इंगळी चावली. बोट बग कसा झाला ता!"

"मगे हॉस्पिटलात जा! थंय आज दुसरो डॉक्टर आसा. त्येका काय शिंगां फुटलीहत? थांब, माझो झील गाडयेन सोडता तुका."

ताई कोपरावर उठली होती. मी तिच्याकडे बघत राहिले. काकींच्या मुलाची गाडी सुरू झाली, रुग्णालयाच्या दिशेने गेली. आवाज विरेपर्यंत ती तशीच ऐकत होती. मग तिने फोन उचलला आणि गोव्याचा नंबर लावला.

"नमस्कार. मी तुमच्याकडे येऊ शकत नाही," ती सरकारी मराठीत म्हणाली. "नाही, पगाराचा प्रश्न नाही. मी इथेच राहतेय."

फोन ठेवून ती कुशीवर वळली, आणि उठली ती दिवेलागणीला.