रंगीत पडदा आणि एक बारीक रेघ

सांगलीत मी घरूनच एक्स-रे वाचते. माझ्या टेबलावरचा मॉनिटर काळा-पांढरा आहे, खास याच कामाचा. आमच्या ओळखीतले सांगली-मिरजेचे बरेच जण घरी असाच घेतात. साताऱ्याकडच्यांना मात्र रंगीत हवा. माझे थोरले दीर साताऱ्यात हेच काम करतात. सणाला आले की माझ्या खोलीत डोकावून म्हणायचे, "याचं सुतक अजून फिटलं नाही का?" मी हसून सोडून द्यायची.

गेल्या उन्हाळ्यात दहिवडीहून भावाचा फोन आला. "आक्का, आबांना मेंढ्यानं धडक दिली. छातीत दुकतंय म्हनत्यात. हितल्या दवाखान्यात फोटो काढलाय, तुझ्याकडं धाडलाय."

फोटो उघडला. बरगड्या शाबूत होत्या. पण उजवीकडे वर, खांद्याच्या खाली, केसाएवढी रेघ दिसत होती. फुप्फुसाबाहेर हवा साठली की अशी रेघ उमटते. म्हाताऱ्या माणसाच्या कातडीला घडी पडली तरी उमटते. दुसऱ्या कुणाचा फोटो असता तर मी ठरवून मोकळी झाले असते. हा माझ्या वडिलांचा, आबांचा होता, म्हणून माझाच माझ्या डोळ्यांवर भरवसा बसेना. मी तो दिरांना पाठवला.

त्यांनी लगेच फोन केला. "काही नाही त्यात. असलीच तर कातडीची घडी. जाऊ दे त्यांना घरी."

"भाऊजी, माझ्याकडे स्पष्ट दिसतेय."

"वडील आहेत म्हणून दिसतेय."

तोवर भावाचा पुन्हा फोन. "आबा ऐकंनात. मेंढरं उपाशी हायती म्हनत्यात, निघालेत."

मागून आबांचा आवाज आला, "लेकीला म्हनावं, मला काय बी..." आणि मध्येच थांबून त्यांनी श्वास घेतला. "...काय बी झालं न्हाई."

बोलताना श्वासासाठी आबा कधी थांबत नसत. "त्यांना बसव," मी भावाला म्हणाले. "श्वास पूर्ण सोडायला लावून अजून एक फोटो काढायला सांग, बाहेर हवा असेल तर त्यात नीट दिसेल. तोवर हलायचं नाही."

तो फोटो येईपर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही. आला तेव्हा रेघ बरीच खाली सरकली होती. फुप्फुस मिटत चाललं होतं. दिरांनाही तो पाठवला. या वेळी त्यांनी वाद घातला नाही. "ॲम्ब्युलन्सनं इकडे आणा. मी दवाखान्यात जाऊन थांबतो," एवढंच म्हणाले.

साताऱ्याला पोचेपर्यंत आबांचे ओठ काळवंडले होते. दीर दारातच उभे होते. छातीत नळी घातल्यावर आबांना श्वास घेता येऊ लागला. मी सांगलीहून पोचले तेव्हा ते मेंढरांना कोण बघतंय ते विचारत होते.

दवाखान्यातून सोडल्यावर आबा काही दिवस दिरांकडेच राहिले. एका दुपारी मी दिरांना विचारलं, "आता मॉनिटर बदलणार का?"

"मॉनिटरनं नाही ओळखलं," ते म्हणाले. "तू त्यांचा श्वास ऐकलास."

ते बाहेर गेल्यावर मी त्यांच्या रंगीत मॉनिटरवर तो पहिला फोटो उघडला. रेघ दिसली. पण ती कुठे आहे, हे आता मला ठाऊक होतं.