उजव्या दारातला स्पीकर

आधीच सांगून टाकतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आष्ट्यात माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर आपोआप चालू होते म्हणून नारळ फोडणारी माणसं मी बघितलीत, आणि स्टार्टर उघडून आत चिकटलेली पालही त्यांना दाखवलीय. सगळ्याला कारण असतं, हे वीस वर्षं लोकांना ऐकवत आलोय. त्यामुळे हे लिहायला लाज वाटते... पण लिहितो.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, मिलिटरीत तोफखान्यात होता. रिटायर झाल्यावर त्यानं गाडी घेतली. आत कंपनीचाच साधा स्टिरिओ. दादाची एक खोड होती – बॅलन्स कायम पूर्ण डावीकडं. म्हणजे उजवीकडचे स्पीकर मुके. मी शेजारी बसलो की आधी तो मध्ये आणायचो आणि वर चेष्टा करायचो, "अर्ध्या गाडीलाच गाणी ऐकवतोस व्हय रं दादा?" तो नुसता हसायचा.

गेल्या वर्षी भरदुपारी आम्ही दोघं कोयनानगरला निघालो होतो. दादा चालवत होता. मी नेहमीप्रमाणे बॅलन्स मध्ये आणला आणि आवाज चढवला. पाटणच्या पुढं कणसं भाजणारी एक बाई दिसली म्हणून त्यानं गाडी कडेला घेतली.

"आवाज बारीक कर रं बाळ्या," तो म्हणाला.

"एवढं गाणं संपू दे की."

त्यानं दार उघडून पाय खाली टाकला, आणि मागून टेम्पो आला. टेम्पोवाला शेवटपर्यंत हॉर्न वाजवत होता, असं त्या बाईनं पोलिसांना सांगितलं. मला तो ऐकूच आला नव्हता. दादालाही गाण्यामुळंच आला नसणार, असं मी धरून चाललो, आणि हे कुणाला बोललो नाही.

दादा गेल्यावर वहिनींना ती गाडी दारात नको होती. मी घेऊन आलो, मोडलेलं दार बदललं. पण त्या स्टिरिओकडं बघवेना. लोकांना सांगितलं, टचस्क्रीन पाहिजे. सांगलीत एका फिटरकडं गेलो. त्याला वायर कापू दिली नाही, समोर उभं राहून वायरींच्या टोकाचा कपलर नुसता कपलरला जोडून घेतला. जुना सेट त्यानं पेपरात गुंडाळून हातात दिला.

ड्रायव्हर सीटवर बसून नवा सेट चालू केला. आवाज फक्त डावीकडून!

"उजवीकडचं कनेक्शन बघा," मी म्हणालो.

फिटर मागं बसून आला, पुढं वाकून बघितलं. "आवं साहेब, चारी स्पीकर वाजत्यात की."

खाली उतरलो. खरंच चारही वाजत होते. परत सीटवर बसलो – उजवा कान बंद. उजव्या दारातल्या स्पीकरवर तळहात ठेवला. जाळी थरथरत होती. आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. मशीनवर तपासणी झाली, दोन्ही कान ठणठणीत. दुकानात, घरी, फोनवर सगळं ऐकू यायचं. त्या एका सीटवर बसलं की मात्र उजवीकडचं जग गप्प.

शेवटी वहिनींकडं गेलो. दादाचा तो डावीकडचा बॅलन्स डोक्यात घोळत होता. विचारलं, "वहिनी, दादाला उजव्या कानानं ऐकू यायचं का?"

त्या निवडायला घेतलेली भाजी तशीच धरून बसल्या. "तुमाला कुणी सांगितलं, भावजी? तोफांनी गेल्याला त्यो कान. सिक्युरिटीची नोकरी मिळणार न्हाई म्हणून लपवलं हुतं त्यांनी. माज्याबिगर कुणालाच ठावं न्हवतं."

मी उठून बाहेर आलो. म्हणजे दादाचा एकच कान चालू होता, आणि त्या दुपारी त्या डाव्या कानाशी मी गाणं लावून ठेवलं होतं. वहिनींना हे अजून सांगितलेलं नाही. हिंमत होत नाही.

त्याच आठवड्यात जुना सेट माझ्या हातानं परत बसवला. सकाळी दहाच्या सुमारास गावाबाहेर उसाच्या कडेला गाडी लावली. बॅलन्स पूर्ण डावीकडं केला, गाणं लावलं, आणि मग हळूहळू आवाज बारीक करत शून्यावर आणला.

तेव्हा उजवा कान उघडला. मागून हॉर्न येत होता... टेम्पोचा, लांबलचक, जवळ जवळ येणारा. आरशात बघितलं. रस्ता पार वळणापर्यंत रिकामा होता. हॉर्न दारापाशी आला आणि तुटला.

मी सीटवरून सरकत पलीकडं गेलो आणि डाव्या दारानं उतरलो. तेव्हापासून तसाच उतरतो, आणि आता त्या सीटवर दोन्ही कानांनी नीट ऐकू येतं. का, ते विचारू नका. उघडून बघायला इथं स्टार्टर नाही. दादानं आवाज बारीक कर म्हटलं होतं, तो करायला मला वर्ष लागलं.