एका साच्याचे दोन तारणहार

आमचे हे मूर्ती करतात. म्हणजे एकच मूर्ती करतात, क्रुसावरच्या येशूची. लग्न झाल्यापासून यांना दुसरं काही करताना मी पाहिलेलं नाही, आणि घरातलं काम तर मुळीच नाही. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. तिथे फळीवर काट्यांचे मुकुट सुकत असतात आणि प्लॅस्टरची पूड माझ्या साखरेच्या डब्यापर्यंत पोचते. खिळे मात्र खरे, लोखंडी. ते हे सगळ्यात शेवटी मारतात आणि तेवढ्या वेळापुरतं शेडचं दार लावून घेतात.

साचा एकच, तोही माझ्या भावाच्या अंगावरून घेतलेला. भावाला घरात सगळे पडीक म्हणतात. तरुणपणी त्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात इतका तो बारीक होता, आणि पायावर पाय टाकून निपचित पडून राहणं हे एकच काम त्याला मनापासून जमायचं. यांना तेवढंच हवं होतं. प्लॅस्टर घट्ट होईपर्यंत पडीक जराही हलला नाही, कारण तो झोपला होता. तेव्हापासून कुठल्या कुठल्या चर्चमध्ये लोक माझ्या भावापुढे गुडघे टेकतात, आणि हा घरात पाण्याचा पेला जागेवर ठेवत नाही.

यांची आयुष्यात एकच इच्छा होती. आपल्या स्वतःच्या चर्चमध्ये आपल्या हातची मूर्ती लागावी. तिथली जुनी लाकडी मूर्ती वाळवीने पोखरली होती. हे दर रविवारी तिच्याकडे भक्तीने बघायचे की आशेने, ते मी कधी विचारलं नाही. शेवटी मिस्सेची प्रार्थना चालू असतानाच तिचा एक हात निखळला आणि फादरनी यांना काम सांगितलं. त्या दिवशी जेवताना हे चक्क गुणगुणत होते.

नेमके तेव्हाच सिनेमावाले आले. त्यांचा निळ्या झग्यातला वीर शहर वाचवतो आणि मनोऱ्यावरून पडून मरतो. पडायला पुतळा हवा होता, तोही घाईने. यांनी तोच साचा काढला. खांद्यांवर, छातीवर लांबीचा लगदा थापून पडीकचा पहिलवान केला, कुशीतली भाल्याची जखम बुजवली, तोंडावर मुखवटा चढवला. पाय मात्र तसेच राहिले, एकावर एक.

"अहो, पडणारा माणूस असे पाय जुळवून पडतो का?" मी म्हटलं.

"बूट रंगवले की कोण बघतंय!"

सगळ्यांनी बघितलं. लोकांनी सिनेमा डोक्यावर घेतला. हात पसरून, पायावर पाय ठेवून आभाळातून येणारा तो वीर दप्तरांवर आला, डब्यांवर आला, पोरांच्या शर्टांवर आला. टीव्हीवर एका विद्वान बाईंनी समजावलं, की हा वीर म्हणजे आजचा तारणहार. बाप आभाळात, जवळच्याच मित्राने दगा दिलेला, आणि त्या पायांत तर दिग्दर्शकाने सगळं बलिदान ओतलंय. पटण्यासारखं बोलत होत्या. शेजारी दिग्दर्शकही मान डोलवत होता.

"भाऊजी, माझे पाय," पडीक दिवाणावरून म्हणाला आणि त्याने कूस बदलली.

मग आमच्या चर्चमध्ये मूर्ती लावायचा दिवस आला. कापड ओढलं, आणि पुढच्या बाकावरून एक चिमुरडी त्या वीराचं नाव घेऊन ओरडली. बाकीच्या पोरांनी टाळ्या पिटल्या. मोठी माणसं आधी दचकली, मग हसू दाबायला लागली. हे मूर्तीकडे बघत होते आणि मी यांच्याकडे.

"प्रभू सिनेमातल्यासारखे दिसतायत," चर्चच्या समितीचे अध्यक्ष म्हणाले. "नक्कल वाटते."

"कोणी कोणाची केली म्हणायची?" मी बोलले. मला कोणी विचारलं नव्हतं.

फादर भला माणूस. त्यांनी मधला मार्ग काढला. पाय सुटे करून शेजारी शेजारी ठेवा, जुन्या चित्रांत तसेही असतात, मग कोणी काही म्हणणार नाही. करवतीचं जेमतेम अर्ध्या दिवसाचं काम. जन्मभराची इच्छा अर्ध्या दिवसावर येऊन थांबली होती. माझा जीव टांगणीला लागला. "हो म्हणा, हो म्हणा" असं मी यांना डोळ्यांनी सांगत होते.

"फादर," हे म्हणाले, "आत्ता दोन्ही पायांत मिळून एकच खिळा आहे. सुटे केले तर दोन मारावे लागतील. आणखी एक माझ्याच्याने मारवणार नाही."

समितीने दुकानातून तयार मूर्ती आणली, गोरीगुलाबी, चार खिळ्यांची. आमची घरी परत आली. शेडला तेवढी उंच भिंत नाही म्हणून बाहेरच्या खोलीत लागली. तिच्याखाली दिवाणावर पडीक असतो, आता पोट सुटलेला, पाय मात्र तसेच. मला यांचा फार राग आला होता, अजूनही आहे. तरी त्यांचं ते वाक्य मी शेजारपाजारी सगळ्यांना सांगून झालंय.

आता गल्लीतली पोरं वीर बघायला येतात. परवा ती चर्चमधली चिमुरडीही आली. बराच वेळ मान वर करून बघत राहिली.

"आजोबा, हा दुसऱ्या भागात परत येतो ना?"

"हा दुसऱ्या भागापर्यंत थांबत नाही," हे म्हणाले. "तिसऱ्या दिवशीच जिवंत होऊन येतो."

मी यांच्या तोंडाकडे बघितलं. हे हसत नव्हते.

"मग खिळे काढून ठेवा ना," ती म्हणाली. "येणार कसा तो?"

पडीकने डोळे उघडले. हे उठले, शेडमध्ये गेले आणि पक्कड घेऊन आले.