कागलहून आलेले सहा कॉम्प्युटर

कुरुंदवाडच्या मुलींच्या हायस्कुलात मी गणित शिकवत होते, तेव्हाची ही गोष्ट. दोन हजार सालानंतरची पहिली चार-पाच वर्षं. एका सकाळी शाळेच्या फाटकात टेम्पो येऊन उभा राहिला आणि त्यातून सहा कॉम्प्युटर उतरले. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्याने ते शाळेला भेट दिले होते. कारखान्यात नवे आले, म्हणून जुने आमच्याकडे. मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, इतका आनंद झाला की त्यांनी टेम्पोवाल्यालाही पेढा दिला.

शिवणकामाच्या खोलीतली मशीनं भिंतीला सरकवून तिथे हे सहा डबे मांडले. आमचे शिपाई मामा प्रत्येकावरची धूळ पुसत म्हणाले, "बाई, वजन लई हाय की ह्यास्नी. आत लोखंड भरलंय काय?"

मी जयसिंगपूरला तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. शाळेत तेवढं शिकलेली मी एकटीच. त्यामुळे मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "कॉम्प्युटर तुमच्याकडे. दिवाळीच्या सुट्टीआधी मुलींचे तास सुरू झाले पाहिजेत."

पहिलं बटण दाबलं आणि कळलं, आत काहीच नाही. कारखान्याने आपली माहिती बाहेर जाऊ नये म्हणून सगळ्या डिस्क पुसून दिल्या होत्या. काळ्या पडद्यावर एक ओळ यायची आणि खाली एक रेघ लुकलुकत राहायची. सहाही डब्यांवर तेच.

त्याच महिन्यात मी विकत घेतलेल्या एका मासिकाबरोबर लिनक्सची, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या एका सिस्टिमची, सीडी आली होती. मासिकात लेख होता : ही सिस्टिम फुकट आहे, कुणीही वापरावी, दुसऱ्याला द्यावी, आणि जुन्यापुराण्या कॉम्प्युटरलाही ती नवा जन्म देते. लेख वाचून मी अक्षरशः हरखले. माझ्याचसाठी लिहिल्यासारखा वाटला तो. लिहिणाऱ्याच्या मनातला जुना कॉम्प्युटर दोन वर्षांचा होता आणि माझ्यासमोरचे आठ-नऊ वर्षांचे, हे कळायला मला पुढचे पाच महिने लागले.

सीडी घातली तर हे डबे सीडीवरून सुरूच होईनात. आधी फ्लॉपी लागते म्हणे. ती जयसिंगपूरच्या इंटरनेट कॅफेत तयार करून आणली. फ्लॉपी कुरकुर करत फिरली, पडद्यावर भराभर अक्षरं धावली, आणि शेवटी एक वाक्य येऊन थांबलं : मेमरी अपुरी आहे.

शाळेत इंटरनेट नव्हतं. त्यामुळे माझा एक ठरलेला फेरा सुरू झाला. पडद्यावर जी चूक येईल ती वहीत जशीच्या तशी उतरवून घ्यायची, शाळा सुटल्यावर एसटीने जयसिंगपूर गाठायचं, कॅफेत बसून तीच चूक टाइप करायची, कुठल्या तरी देशातल्या कुणी तरी कुणाला तरी दिलेलं उत्तर शोधायचं, ते वहीत उतरवायचं आणि परत यायचं. दुसऱ्या दिवशी ते करून बघायचं. मग पहिल्या चुकीच्या जागी दुसरी यायची. एकेका ओळीपायी दोन-दोन दिवस जायचे. एखादा आकडा वहीत चुकीचा उतरला असेल तर चार.

एकदा धीर करून मी स्वतःच प्रश्न लिहिला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळी हकीकत मांडली : शाळा आहे, सहा कॉम्प्युटर आहेत, सोळा एमबी मेमरी आहे. दोन दिवसांनी उत्तर आलं, एका ओळीचं. असले कॉम्प्युटर फेकून द्या आणि नवे घ्या. त्याखाली हसरा चेहरा काढला होता. मी कॅफेतून उठले, स्टँडवर आले आणि गाडी येईपर्यंत त्या माणसाशी मनातल्या मनात मराठीत भांडत राहिले.

शेवटी एका जुन्या उत्तरात सापडलं, की चित्रं-खिडक्या काही न घेता नुसत्या अक्षरांवर ती सिस्टिम बसू शकते. वेळ मात्र लागेल. किती, तर चार तास. आता आमच्याकडे तेव्हा लोडशेडिंग. सलग चार तास वीज ही गोष्ट कुणाच्या घरी नव्हती, शाळेत कुठून असणार? पहिल्यांदा एकोणतीस टक्क्यांवर पंखा थांबला. दुसऱ्यांदा चौसष्ट टक्क्यांवर. तिसऱ्यांदा मी शनिवारची सकाळची शाळा धरून सात वाजताच येऊन बसले. ब्याण्णव टक्के झाले होते. मी वर्गात चौथं प्रमेय सांगत होते, आणि व्हरांड्यातून मामांचा आवाज आला, "बाई! लाईट गेली की ओ!"

मी खडू फळ्यावर इतक्या जोरात आपटला की त्याचे तुकडे पहिल्या बाकापर्यंत गेले. एका मुलीला हसू आवरेना. मी तिलाच उभं केलं, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

मोठ्या बाईंना मी सांगून पाहिलं. "बाई, हे कॉम्प्युटर कामाचे नाहीत. कारखान्याला तसं पत्र लिहू या."

त्या एकदम ताठ झाल्या. "भेट दिलेल्या माणसाला असं लिहितात होय? उलट मी त्यांना बोलावलंय. पुढच्या महिन्यात आभाराचा कार्यक्रम ठेवलाय. तोपर्यंत एक तरी चालू करून दाखवा."

एक झाला. एका रविवारी वीज टिकली आणि एका डब्यावर सिस्टिम बसली. काळा पडदा, पांढरी अक्षरं, नाव विचारणारी एक ओळ. मला रडूच आलं. मामांना हाक मारून दाखवलं. त्यांनी वाकून नीट पाहिलं आणि म्हणाले, "मगाशी बी असंच दिसत हुतं की."

कार्यक्रमाच्या दिवशी कारखान्याचे साहेब आले. "पावणं, जरा हिकडनं या, तारंत पाय अडकंल," म्हणत मामांनी त्यांना खोलीत आणलं. पाच डब्यांना हार घातले होते. सहावा चालू होता. मी पडद्यावर सतराचा पाढा काढून दाखवला. साहेबांनी मान डोलावली. "अरे वा. पण हे डॉस आहे का? विंडोज नाही टाकलं?"

मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. हसून वेळ मारून न्यायची, एवढंच माझं काम होतं. माझ्याच्यानं झालं नाही. मी म्हटलं, "साहेब, यात मेमरी फार कमी आहे. प्रत्येक डब्यात मेमरीच्या चार खाचा आहेत, त्यातल्या दोन रिकाम्या. आणि त्या रिकाम्या खाचा आतून स्वच्छ आहेत. बाकी सगळीकडे धुळीचा थर आहे."

साहेब सरळपणे म्हणाले, "बरोबर आहे. पाठवताना आमच्या मेंटेनन्सवाल्यांनी अर्धी काढून घेतली असणार. दुसरीकडे लागते म्हणून ठेवतात. स्टोअरमध्ये पडली असेल. देतो पाठवून."

महिनाभर काही आलं नाही. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा "साहेब मीटिंगमध्ये आहेत". मग मी रजा टाकून इचलकरंजीला गाडी बदलून कागलला गेले. कारखान्याच्या फाटकावर दीड तास बाकड्यावर बसले. आतून एकाने खाकी पाकीट आणून दिलं. त्यात मेमरीच्या चार पट्ट्या. चौघींना मी ओढणीत गुंडाळून, मांडीवर धरून घरी आणलं.

त्यातल्या दोन बसल्या. उरलेल्या दोन लांबीनेच मोठ्या निघाल्या. कुठल्या तरी दुसऱ्याच कॉम्प्युटरच्या होत्या.

त्या दोन पट्ट्यांवर एका डब्यात खिडक्यांची सोय बसवली. सुरू व्हायला पाच मिनिटं लागली. करडा पडदा आला आणि मधोमध एक छोटीशी फुली. नववीच्या चाळीस मुली माझ्यामागे उभ्या होत्या.

"बाई, झालं?" एकीने विचारलं.

"झालं."

"मग आता काय करायचं?"

मी तिच्या हातात माऊस दिला. ती फुली हलवायची, एवढंच त्यात होत होतं. दुसरं काही उघडायला गेलं की डिस्क घरघरत राहायची आणि तास संपायचा. मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन यायचे. चाळिसांनी एकेकदा फुली हलवली आणि घंटा झाली.

मुलींचे तास त्या वर्षी सुरू झालेच नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिवणाची मशीनं परत जागेवर आली आणि पाच डबे जिन्याखाली गेले. सहावा मी शिक्षकांच्या खोलीत मागून घेतला. खिडक्या काढून टाकल्या आणि गुणांची बेरीज-टक्केवारी करणारा एक लहानसा प्रोग्राम त्यावर लिहिला. दोन वर्षं आमच्या शाळेचे निकाल त्याने न चुकता केले. नावं मात्र इंग्रजीत टाकावी लागत. 'कांबळे'मधला ळ इंग्रजीत येत नाही म्हणून मराठीच्या बाई दर परीक्षेला माझ्यावर चिडत, आणि मी त्यांना दर वेळी तितकंच चिडून सांगत असे, की बाई, हातानं लिहा मग.